गल्लीला गेट लावलं की भीती बाहेर राहते का?

पत्र :

ताई, मी वीस वर्षांची आहे. भांडुप पश्चिमेला डोंगराकडच्या वस्तीत राहते. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी दादरला अकाउंट्सचा क्लास. परत स्टेशनला उतरेपर्यंत सव्वादहा होतात. शेअर रिक्षा नाक्यावर सोडते, पुढे चढणीची गल्ली चालत जावं लागतं. नाक्यावरच्या भुर्जीच्या गाडीपर्यंत ठीक वाटतं. पुढचा पट्टा अंधारा आहे, तिथे मी फोन कानाला लावून खोटंखोटं बोलत चालते. आजवर मला कोणी हातही लावलेला नाही. पण गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीत एका मावशींचं मंगळसूत्र ओढलं, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर फिरला आणि तेव्हापासून आई म्हणते, क्लास सोड. धाकटा भाऊ अठरा वर्षांचा आहे. त्याला चोरांची नाही, पोलिसांची भीती वाटते. मित्राकडून येताना एका नाक्यावर उभा होता, तर गाडीत घालून नेलं, दोन तास बसवून ठेवलं आणि नाव-पत्ता लिहून घेऊन सोडलं. आता आमच्या मंडळाची बैठक आहे. गल्लीच्या तोंडाशी गेट बसवायचं, भुर्जीची गाडी उठवायची, भाड्यानं राहणाऱ्या 'बाहेरच्या' पोरांना खोल्या खाली करायला लावायच्या, असं चाललंय. सगळे म्हणतात, तुम्हा मुलींसाठीच करतोय. मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही. मी उगाच घाबरते का? क्लास सोडू का? आणि बैठकीत काय बोलू?

एक वाचक, भांडुप

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

क्लास सोडू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण घरी एकदा 'बरं, सोडते' म्हटलं की पुन्हा बाहेर पडायला फार काळ जातो. कधीकधी लग्न होईपर्यंत जातो.

आणि तू उगाच घाबरत नाहीस. 'कोणी हातही लावलेला नाही' असं तू लिहिलं आहेस, जणू भीती वाटायला आधी काहीतरी घडून जावं लागतं. पण पुलावरच्या गर्दीत मुद्दाम लागलेलं कोपर, रिक्षाच्या आरशातून अख्खा रस्ताभर रोखलेली नजर, जिन्यावर आपण थांबलो की थांबणारा माणूस, यातलं काहीच तुझ्या वाट्याला आलं नसेल, यावर माझा विश्वास बसणार नाही. लोकलनं फिरणाऱ्या कुठल्या मुलीच्या वाट्याला आलेलं नाही? फक्त ते आपण 'घडलं' यात धरत नाही. पोलिसांत तर मुळीच नेत नाही.

ब्रिटनमध्ये १९८२ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. पोलिसांच्या दफ्तरावर न विसंबता घरोघरी जाऊन लोकांनाच विचारायचं, तुमच्या बाबतीत काय घडलं आणि तुम्हाला कशाची भीती वाटते. अशा पाहण्यांत पुन्हापुन्हा एक गोष्ट दिसली. रस्त्यावर मार जास्त करून तरुण पुरुष खातात आणि भीती जास्त बायकांना आणि वयस्कर माणसांना वाटते. काही तज्ज्ञांनी लगेच निष्कर्ष काढला की बायकांची भीती अवास्तव आहे. त्यावर स्त्रीवादी अभ्यासकांनी उलट विचारलं : नजरा, शेरे, पाठलाग, घरातली मारहाण हे तुमच्या प्रश्नावलीत होतं का? आणि बाई संध्याकाळनंतर बाहेरच पडत नसेल, तर तिच्या बाबतीत काही घडलं नाही याचं कौतुक कशाचं? आपल्याकडेही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचे असतात. 'मुंबई बायकांसाठी सुरक्षित' हे वाक्य आपण अभिमानानं म्हणतो, मीही म्हणते, पण तुझं फोनवरचं खोटं बोलणं त्या आकड्यांत कुठेच येत नाही.

व्हिडिओचं मात्र बघ. मंगळसूत्र एकदाच ओढलं गेलं, पण तू ते किती वेळा पाहिलंस? ग्रुपवर, मग मावशींच्या सुनेच्या स्टेटसवर, मग कोणीतरी 'सावधान' लिहून पुन्हा पाठवलं तेव्हा. प्रत्येक वेळी मनात एक नवीन चोरी झाली. तो व्हिडिओ डिलीट कर आणि त्या मावशींना जाऊन भेट. एफआयआर झाली का, प्रत मिळाली का, विचार. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली 'हिसकावणे' हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यांची तक्रार साध्या अर्जावर तर भागवलेली नाही ना, एवढं पाहणं त्या व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

आईवर रागावू नकोस. तिच्या डोक्यात २०१३ मधलं शक्ती मिल आहे, २०२१ मधलं साकीनाका आहे, मुंबईतली बलात्काराची ती प्रकरणं. तिनं ती नावं टीव्हीवर ऐकली तेव्हा तू लहान होतीस आणि तिनं मनात तुझंच वय मोजलं असणार. तिला 'काही होत नाही गं' असं म्हणू नकोस, ते ती ऐकणारही नाही. तिला नेमकं सांग : कुठली गाडी पकडते, कुठल्या डब्यात बसते, नाक्यावर किती वाजता येते. रात्रीच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यांत वर्दीतला शिपाई किंवा होमगार्ड नेमलेला असतो. तो दिसेल तो डबा पकड आणि बायकांचा एखादा डबा अगदीच रिकामा दिसला तर त्यात चढू नकोस. दादरला अर्ध्या मिनिटात हा निर्णय घ्यायचा असतो, म्हणून तो आधीच घेऊन ठेवलेला बरा. फोनमध्ये ११२, मुंबई पोलिसांची महिलांसाठीची हेल्पलाइन १०३ आणि लोहमार्ग पोलिसांचा १५१२ असू दे. काही घडलंच तर 'आमची हद्द नाही' हे ऐकून परत फिरायचं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात द्यायची सोय आहे. झीरो एफआयआर म्हणतात ती हीच. चालत्या लोकलमधल्या प्रकाराला तिचा फार आधार आहे, कारण गाडी घाटकोपर सोडून विक्रोळीकडे निघाली असताना गुन्हा नक्की कुणाच्या हद्दीत झाला, हे तुला कुठून कळणार?

आता तुझा भाऊ. तुझ्या पत्रात त्याच्याविषयी तीनच वाक्यं आहेत, पण मला तीच सगळ्यात जास्त लागली. तरुणांच्या सुरक्षेवर बोलताना आपण मुलींविषयी बोलतो आणि अठरा वर्षांचा मुलगा म्हणजे धोका, असं गृहीत धरतो. त्यातून तो वस्तीतला असेल, रंगानं काळासावळा असेल, केस रंगवलेले असतील, आडनाव विशिष्ट असेल, तर नाकाबंदीत आधी त्यालाच बाजूला घेतात. अशा मुलाला उद्या कोणी लुटलं तर तो पोलिसांकडे जाईल का? तुझ्या मागे कोणी लागलेलं त्यानं पाहिलं तर साक्ष द्यायला उभा राहील का? म्हणजे जो तुझा पहिला मदतनीस होऊ शकला असता, त्यालाच आपण दोन तासांत गप्प बसायला शिकवलं.

त्याला काही गोष्टी शांतपणे समजावून सांग. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ सूर्यास्तानंतर संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्या, समाधानकारक खुलासा न देणाऱ्या माणसासाठी आहे. रात्री नाक्यावर उभं राहणं हाच गुन्हा, असं त्यात म्हटलेलं नाही. पोलिसांनी विचारलं तर नाव-गाव सांगावं, ओळखपत्र दाखवावं, आवाज चढवू नये. पण नेत असतील तर 'कशासाठी नेताय आणि घरी कोण कळवणार' हे विचारायचा त्याला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात घालून दिलेले नियम आता कायद्यातच आलेत : अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसायला हवं, अटकेची नोंद व्हायला हवी, नातेवाइकाला कळवायला हवं. नोंद न करता 'नुसतं बसवून ठेवणं' याला कायद्यात जागा नाही. पुन्हा असं झालं तर तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहून ठेवायचा आणि पोलीस उपायुक्तांकडे लेखी तक्रार द्यायची. पुढची पायरी म्हणून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. आणि त्याच्या जवळ बस. मुलगे अपमान सांगत नाहीत. बहिणीनं विचारलं तर कदाचित सांगतील.

आता बैठक. तुला बरं वाटत नाही, यात तुझं काही चुकत नाही. तुझ्या नावावर तीन गोष्टी खपवल्या जात आहेत आणि त्यातली एकही तुला कोणी विचारलेली नाही.

भुर्जीच्या गाडीपासून सुरू करू. तूच लिहिलं आहेस, 'गाडीपर्यंत ठीक वाटतं'. का वाटतं? रात्री साडेदहाला तिथे स्टोव्हचा आवाज असतो, तव्यावर पाव शेकत असतात, वर एक दिवा टांगलेला असतो. दोन रिक्षावाले उभ्यानं खात असतात. आणि गाडीवाल्याला गल्लीतली सगळी ये-जा पाठ असते, कोणाची मुलगी किती वाजता येते तेही. तुझी भीती नेमकी तिथून सुरू होते, जिथे त्याच्या दिव्याचा उजेड संपतो. मंडळ गाडी उठवणार म्हणजे तो अंधारा पट्टा नाक्यापर्यंत खाली आणणार. गाडीमुळे कोणाला त्रास होत असेल, तिथे कोणी दारू पिऊन शेरे मारत असेल, तर ते तू बैठकीत खुशाल सांग. कारण गाडीवर फक्त पुरुषांचाच घोळका असतो, तेव्हा प्रत्येकीला तिथून जाणं सोपं वाटत नाही, हेही खरं आहे. पण मग त्या गाडीवाल्याला बैठकीला बोलावून सांगायचं की तुझ्या गाडीवर हे चालणार नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात त्यांच्या रोजीरोटीचं संरक्षण आहे आणि नगर पथविक्रेता समितीही आहे. मंडळानं ठराव केला आणि गाडी उचलली, असं करता येत नाही.

गेटचं विचार नीट. किल्ली कोणाकडे राहणार? रात्री बारानंतर आजोबांच्या छातीत दुखलं, १०८ ची गाडी आली, तर कुलूप कोण उघडणार? वाट सार्वजनिक असेल तर तिच्यावर परस्पर गेट बसवताही येत नाही, पालिकेची परवानगी लागते. पण मला जास्त काळजी वेगळीच आहे. ज्याच्या हातात किल्ली, तो वेळ विचारणार. 'इतका उशीर कसा? रोजच?' पहिल्या महिन्यात चोरांवर बसवलेलं गेट दुसऱ्या महिन्यात मुलींच्या येण्याजाण्याचं रजिस्टर होतं. हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या आया, पहाटे मासळी आणायला भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या बायका, केटरिंगच्या कामावरून दोन वाजता येणारे मुलगे, हे सगळे आपल्याच गल्लीत परके होतात.

आणि ती 'बाहेरची' पोरं. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं ही मुंबईत घरमालकाची जबाबदारी आहे. ती माहिती दिली आहे का, हे मंडळानं मालकांना जरूर विचारावं. त्यापुढे जाऊन, एका खोलीत सहाजण राहतात, बोली वेगळी आहे, म्हणून खोली खाली करा, हे कुठल्या गुन्ह्यासाठी? कोणाही एकाचं वागणं वाईट असेल तर त्या एकाविरुद्ध तक्रार कर, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. पण गट बघून गुन्हेगार ठरवायची सवय या राज्यात फार जुनी आहे आणि तिची किंमत अजून माणसं मोजताहेत. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात जन्मालाच गुन्हा चिकटवला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. तरी आजही कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी गाडी जाते. दीडशे वर्षांच्या त्या संशयानं चोऱ्या थांबल्या का? फक्त शिकू पाहणारी पोरं शाळेतून पळाली.

सगळ्यांना धरून सुरक्षितता उभी करता येते, आणि ती फार लांब नाही, भिवंडीत झाली. १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींनी पोळलेलं ते शहर. १९८८ च्या सुमाराला तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागातला पोलीस एकत्र बसायचे, भांडण लहान असतानाच ऐकायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांचं काम उभं राहिलं, त्यात मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी होते. दंगल आणि मंगळसूत्र चोरी एकच नव्हे, ठाऊक आहे मला. पण पोलिसाला गल्लीतली माणसं नावानं ओळखता येतात आणि माणसांना पोलिसाचं नाव माहीत असतं, तिथे तुझ्या भावासारख्या मुलाला उचलून न्यायची वेळ सहसा येत नाही आणि खरा चोर कोण हेही लवकर कळतं.

तेव्हा बैठकीत उभी राहा आणि एकच मागणी कर : गेटचा निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत थांबवा आणि त्याआधी एका रात्री दहा वाजता सगळ्यांनी गल्लीतून एकत्र चालायचं. मंडळाचे कार्यकर्ते, तू, तुझी आई, त्या मावशी, भुर्जीवाला, भाड्याच्या खोलीतला एखादा मुलगा, वस्तीत तृतीयपंथी कोणी राहत असतील तर त्याही. त्यांना आवर्जून बोलाव. त्यांना भीती आपल्याहून जास्त आणि कायद्याचा आधार आपल्याहून कमी : २०१९ च्या कायद्यात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा आहे. तुला कुठे पाय उचलून चालावंसं वाटतं, तिथे थांबून सांग. बाकीच्या बायकांना विचार. सार्वजनिक शौचालयाकडे जाणारी वाट त्या फेरीत घ्याच. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'चं, म्हणजे बायकांच्या स्वच्छतागृहांसाठीचं, आंदोलन करणाऱ्या बायकांनी शहराला हेच ऐकवलं आहे. माझ्याशी बोलणाऱ्या वस्तीतल्या कितीतरी मुली रात्री आठनंतर पाणी पीत नाहीत, कारण शौचालयाच्या वाटेवर बल्ब नाही आणि दाराला आतून कडी नाही. त्यावर गेट काय करणार?

कॅमेरे लावा, असं कोणीतरी म्हणेलच. लावू द्या. २६/११ नंतर मुंबईत रस्त्यांवर कॅमेऱ्यांचं मोठं जाळं आलं, २०१६ पर्यंत ते उभंही राहिलं आणि चोर पकडायला त्याचा उपयोग होतो. पण कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो. त्या पट्ट्यात आधी उजेड हवा, नाहीतर कॅमेऱ्यालाही काळोखच दिसेल. पैसे नाहीत हे उत्तर मात्र ऐकून घेऊ नका. बायकांच्या सुरक्षेसाठी केंद्रानं ठेवलेल्या निर्भया निधीतून 'सेफ सिटी' योजनेसाठी निवडलेल्या आठ शहरांत मुंबई आहे.

उजेडाचं काम कोणाकडे, हे लोकांना माहीत नसतं आणि तिथेच अर्ज मरतो. शहर भागातले रस्त्यावरचे दिवे बेस्टकडे, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानीकडे आणि तुमच्या भांडुप-मुलुंडमध्ये महावितरणकडे असतात. वस्तीच्या आतले दिवे मात्र पुष्कळदा लोकप्रतिनिधीच्या निधीतून लागलेले असतात आणि बंद पडले की कोणाचेच नसतात. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर तर कित्येक काळ नगरसेवकच नव्हता, त्यामुळे जाब विचारायचा तरी कोणाला? म्हणून चालताना प्रत्येक खांबावरचा नंबर भावाला लिहायला सांग आणि जिथे खांबच नाही, तिथलं जवळच्या घराचं नाव. हे काम त्याच्याकडेच दे. त्याला पोलिसांसमोर पुन्हा जायचं आहे, ते यादी हातात घेऊन जाऊ दे.

बंद दिव्यांची तक्रार महावितरणच्या १९१२ वर आणि पालिकेच्या १९१६ वर करा, तक्रार क्रमांक घ्या. खांब नवा हवा असेल तर पालिकेच्या एस विभाग कार्यालयात लेखी अर्ज करा, खाली सगळ्यांच्या सह्या, भाडेकरूंच्याही. एक प्रत पोलीस ठाण्यात, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावानं. त्यात दोन गोष्टी मागा : रात्री दहा ते अकराच्या दरम्यान बीट मार्शलची, म्हणजे गस्तीच्या पोलिसाची, एक फेरी आणि महिन्यातून एकदा तुमच्या बीटच्या अधिकाऱ्यानं वस्तीत येऊन अर्धा तास बसणं. साकीनाक्याच्या घटनेनंतर पोलीस ठाण्यांत निर्भया पथकं उभी राहिली, तुमच्या ठाण्यातल्या पथकात कोण आहे हेही विचारून ठेव. अर्ज दुपारी बारापूर्वी ने आणि आईला सोबत ने. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मिळाल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.